आई नसलेले घर आणि आईचे घर

बालपणावरील जुन्या चित्रपटांविषयी लिहिताना आपल्याकडे ‘निरागस’ हा शब्द इतक्या सढळ हाताने खर्च होतो की, तो एकदा लिहिला म्हणजे विचार करण्याचे श्रम वाचले अशीच लेखकाची समजूत असावी. ‘व्हिसल डाउन द विंड’ हा १९६१ चा इंग्रजी चित्रपट आणि ‘श्यामची आई’ हा १९५३ चा मराठी चित्रपट या दोहोंच्या वाट्याला हे विशेषण हटकून येते. दोन्ही कृष्णधवल, दोन्ही खेड्यातल्या मुलांचे, आणि दोन्ही पाहताना भारदस्त गृहस्थ अंधारात चष्मा पुसतात. दोहोंविषयी आमच्याही मनात जुनी माया आहे. परंतु ती माया नेमकी कशाची, हे एकदा तपासून पाहावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

भिलाईसारख्या गावी हा प्रश्न निव्वळ रसिकतेचा राहत नाही. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून येथला पोलाद कारखाना निघाला, १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले, आणि माळावर उभ्या राहिलेल्या वसाहतीत सगळ्या प्रांतांतली माणसे येऊन राहिली. सेक्टरांचे क्रमांक हीच ज्याच्या लेखी आळ्यांची नावे, असे येथले मराठी मूल घरात एक भाषा, शाळेत दुसरी आणि मैदानावर तिसरी बोलत वाढते. केव्हातरी त्याच्या आईबापांना वाटू लागते की, याला ‘आपले’ काहीतरी दाखवले पाहिजे. आणि मग ‘श्यामची आई’ लावला जातो. चित्रपट म्हणून नव्हे, संस्काराचा काढा म्हणून. मूल जांभया देते, आईबाप डोळे पुसतात, आणि ‘हल्लीची मुले’ या विषयावर रात्रीची जेवणे होतात. उलट तेच मूल इंग्रजी चित्रपट मात्र खिळून पाहते. याचा दोष एकट्या मुलाच्या माथी मारण्याचे कारण नाही.

त्या इंग्रजी चित्रपटाची कथा थोडी सांगावी लागेल. मेरी हेली बेल यांच्या कादंबरीवरून तो निघाला. दिग्दर्शक ब्रायन फोर्ब्स यांचे हे पहिलेच दिग्दर्शन. निर्माते रिचर्ड अ‍ॅटनबरो, पुढे १९८२ साली ‘गांधी’ काढणारे तेच. कॅथी या थोरल्या मुलीचे काम लेखिकेच्याच कन्येने, हेली मिल्सने, केले आहे. पटकथाकार कीथ वॉटरहाउस आणि विलिस हॉल यांनी कथा उचलून लँकाशायरच्या उघड्याबोडक्या मुलखात, पेंडल टेकडीच्या परिसरात नेऊन ठेवली, हे फार चांगले केले. दगडी कुंपणे, चिखल, कुंद आकाश. या मुलखात कुणी देव भेटेल असे वाटण्याजोगे काहीच नाही, आणि म्हणूनच तो भेटतो ते पटते.

शेतावरचा गडी मांजराची पिल्ले पोत्यात घालून पाण्यात टाकतो. तीन भावंडे ती लपूनछपून वाचवतात. पिल्लाचा सांभाळ येशू करील, असे मुक्तिफौजेची एक बाई धाकट्या चार्ल्सला सांगून बसते. रात्री कॅथी गोठ्यात जाते तो तेथे गवतात एक दाढीवाला माणूस! तू कोण, असे ती विचारते, आणि दचकलेल्या माणसाच्या तोंडून शिवीसारखा निघून जातो तो नेमका येशूच्या नावाचा उद्गार. मुलगी त्याला उत्तर समजते. तो असतो खून करून पळालेला एक फरारी. या एका क्षणावर सारा चित्रपट तोललेला आहे. दिग्दर्शकाने मुलीच्या श्रद्धेला हसण्याचा मोह टाळला आहे, आणि त्या श्रद्धेपुढे उदबत्ती लावण्याचाही. बातमी गावातल्या पोरांत पसरते. ती खाऊ घेऊन दर्शनाला येऊ लागतात. त्यांच्या वरातीमागे माल्कम अर्नॉल्ड यांनी तीन राजांच्या नाताळगीताची चाल अशा खोडकर गांभीर्याने वाजवली आहे की, हसावे की गप्प बसावे हे कळू नये. एका दांडगट पोराच्या मारापुढे एक लहानगा तीनदा येशूला नाकारतो. पीटरची गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्याला ती आठवते, ज्याला ठाऊक नाही त्याला नुसता एक मार खाणारा मुलगा दिसतो, आणि प्रसंग दोघांनाही पुरतो.

पण आमची पसंती आहे ती चार्ल्सला. ज्याच्या हाती विश्वासाने सोपवले त्याच्याकडून पिल्लाची हेळसांड होते, ते मरते, आणि सगळ्यांआधी विश्वास सोडतो तो हा सर्वांत धाकटा मुलगा. तो रडूनओरडून आकांत करीत नाही. हा कुणी देव नाही, साधा माणूस आहे, एवढे तो ओळखतो आणि तसे सांगतो. निरागसता म्हणजे भाबडेपणा असे समजणाऱ्यांनी चार्ल्सकडे नीट पाहावे. देव मरू का देतो, असे मुले गावच्या पाद्र्याला विचारतात तेव्हा पाद्रीबुवा जे गोलमाल उत्तर देतात, त्यातले पोकळपण प्रथम त्यालाच ऐकू येते.

आता, ही मुले गोठ्यात देव शोधायला का गेली? आमच्या मते याचे उत्तर चित्रपटात उघड ठेवलेले आहे आणि त्याकडे कुणी फारसे पाहत नाही. त्या घरात आई नाही. बाप (हे काम बर्नार्ड ली यांनी किती आवरून केले आहे!) भला आहे, पण थकलेला, आत्या घर सांभाळते ती करवादत. मोठ्या माणसांपैकी कुणीही वाईट नाही आणि कुणापाशीही वेळ नाही. अशा घरातल्या मुलीला गवतात जखमी माणूस दिसला तर तो कोण असावा हे तिच्या मनाने आधीच ठरवलेले असते. ज्याला आपण तिची निरागसता म्हणून कुरवाळतो ते तिचे पोरकेपण आहे.

‘श्यामची आई’त याच्या अगदी उलट मांडणी आहे. तेथे आई नावातच बसली आहे, आणि श्याम निरागस मुळीच नाही. तो भित्रा आहे, हट्टी आहे, रुसणारा आहे. प्रसंगी पैशाला हात लावणारा आणि खोटे बोलणारा आहे. पोहायला न जाणाऱ्या या मुलाला आई शिंपटीने फोडून विहिरीकडे धाडते. ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून लुगडे पसरणारी तीच, आणि पायांइतकेच मनाला जप असे त्याच दमात बजावणारीही तीच. या घरात शुद्धपणा मुलापाशी उपजत नसतो. तो रोज घासूनपुसून करावा लागतो, भांड्यासारखा. म्हणून तेथे गोठ्यात देव शोधण्याची वेळ येत नाही.

शिवाय ही गोष्ट सांगतो कोण? १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात बसलेला प्रौढ माणूस. साने गुरुजींच्या पुस्तकात प्रत्येक प्रसंगावर त्या प्रौढाच्या पश्चात्तापाची सावली आहे. कॅथी आपल्या डोळ्यांदेखत जगते, श्याम आठवला जातो. भिलाईतले मूल जांभई देते ते येथे: पश्चात्ताप करण्याइतके आयुष्यच त्याच्या गाठीला नसते.

आचार्य अत्र्यांच्या चित्रपटाचे दोष आम्ही झाकणार नाही. तो प्रसंगांची माळ आहे. उपदेश पुष्कळ, आणि अश्रूंना सवड जरा जास्तच दिलेली. राष्ट्रीय पारितोषिके सुरू झाली तेव्हा, १९५४ साली, राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक याला मिळाले आणि ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र. निव्वळ चित्रभाषेचा विचार केला तर आम्ही क्रम उलटा लावला असता. परंतु ‘झेंडूची फुले’ लिहिणारा विडंबनकार अत्र्यांच्या अंगात जागा होता म्हणून छडी लागण्याच्या त्या शाळकरी गाण्यासारख्या जागी चित्रपटाला मोकळा श्वास मिळतो. आणि वसंत देसाई यांच्या संगीतात, विशेषतः द्रौपदीच्या भरजरी पीतांबराच्या गाण्यात, भक्ती आहे पण रडवेपणा नाही. माधव वझे यांचा श्याम गोंडस नाही, ही दिग्दर्शकाची मोठीच कमाई म्हणावी लागेल.

आणि वनमालाबाई! सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये पृथ्वीराज कपूर यांच्यासमोर उभी राहिलेली देखणी नायिका पालगडच्या गरीब, कर्जाने गांजलेल्या घराची गृहिणी होते. या बाईंचा जन्म उज्जैनचा, कर्मभूमी पुढे ग्वाल्हेर, आणि २००७ साली त्यांनी देह ठेवला तोही ग्वाल्हेरातच. अवघ्या महाराष्ट्राने जिला आपली आई म्हणून पाहिले ती स्त्री आपल्यासारखी बृहन्महाराष्ट्रातली होती, हे आमच्या वाचकांना ठाऊक असावे म्हणून मुद्दाम लिहितो. ‘आपले’ ते विंध्याच्या पलीकडेच असते, या समजुतीला यामुळे थोडा तडा गेला तर बरेच.

२०२३ साली सुजय डहाके यांनी हीच कथा पुन्हा, आणि हेतुपुरस्सर कृष्णधवल काढली. अत्र्यांच्या काळी तो रंग नाइलाज होता, आता ती निवड आहे. एवढ्यानेच दोन्ही चित्रपटांची जात निराळी होते. नवा चित्रपट आठवणीची आठवण आहे.

आता मायेची गोष्ट. बदलीच्या हुकमावर इकडे आलेले आमच्यासारखे लोक ‘श्यामची आई’ पाहून रडतात ते बालपण गेले म्हणून, असे आम्ही स्वतःला सांगतो. मूळ पुस्तकात शेवटी काय घडते ते पाहा. श्याम शिक्षणासाठी दूर गेलेला असतो, आईचे दुखणे वाढत जाते, आणि तो घरी पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. अपरात्री निरोप येऊन, दुर्ग स्टेशनावर मिळेल त्या गाडीने नागपूरकडे निघालेल्या माणसाला हा प्रसंग निराळा समजावून द्यावा लागत नाही. आमचे अश्रू त्या उशिराचे आहेत. बालपणाशी त्यांचा संबंध फार थोडा, आणि मुलाला शेजारी बसवून ते त्याच्याकडूनही काढू पाहणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

योगायोग असा की इंग्रजी चित्रपटाचा शेवटही उशिरा पोचलेल्यांचाच आहे. पोलिसांपुढे हात पसरून उभा राहिलेला तो माणूस क्षणभर क्रुसावरचा वाटतो, त्याला घेऊन जातात, आणि नंतर दोन चिमुकली मुले धापा टाकीत येतात: येशूला भेटायचे आहे. या खेपेस तुमची चुकामूक झाली, पण तो पुन्हा येईल, असे कॅथी त्यांना सांगते. तिने हे श्रद्धेने सांगितले की त्या दोघांना वाईट वाटू नये म्हणून, हे दिग्दर्शकाने सांगितलेले नाही, आणि हेली मिल्सच्या चेहऱ्यावरूनही आम्हांला कधी ठरवता आलेले नाही. श्यामला असे सांगणारे कुणी नसते.

एखाद्या मंडळाला हे चित्रपट मुलांना दाखवायचे असतील तर आमची सूचना इतकीच की इंग्रजी चित्रपट आधी दाखवावा, आठ-दहा वर्षांच्या मुलांना. ‘श्यामची आई’ दाखवावा तो शिक्षणासाठी घर सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलांना. आणि दोहोंच्या आधी अध्यक्षांचे भाषण ठेवू नये.