प्रबंध कुणासाठी?

दलित कवितेवरचा एक प्रबंध वाचला. वेदना, विद्रोह, नकार – असे खण पाडलेत, त्यात आमचे उतारे कोंबलेत. लेखकाचं स्वतःचं म्हणणं? एक ओळ नाही. तरी पदवी मिळाली म्हणे!

बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२२ साली लंडनला दिला. परीक्षकांना झोंबला. पुन्हा लिहा म्हणाले. पैसे संपलेले; मुंबईला यावं लागलं. इथं बसून परत लिहिला, निष्कर्ष सोडले नाहीत. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. पुस्तक निघालं, त्याच्या प्रस्तावनेत त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन आपले मतभेद उघड मांडतात.

मागावर सूतच चढवलं नाही तर कापड निघेल कुठून? विद्वानहो, आमच्या कविता मोजत बसू नका. त्यांच्याशी भांडा.