सफेद्याखालचा माणूस

राजूरला चतुर्थीच्या गर्दीत एक हवालदार भेटतो. खाकी कपडे, रुंद पट्टा, शिट्टी, काखेत वही. पायात मात्र झिजलेल्या स्लिपर. राजुरेश्वर गणपतीच्या टेकडीखाली तो नारळवाल्याला वॉरंट दाखवतो, कुठलंसं न घडलेलं लग्न उकरून काढतो, आणि नारळवाला हसतहसत दहाची नोट पुढे करतो. समोरचा बहुरूपी आहे हे त्याला ठाऊक असतं, आणि त्याला ते ठाऊक आहे हे बहुरूप्यालाही. सगळी गंमत त्यातच.

अशा सोंगाला शहरातली मुलं आता ‘कॉस्प्ले’ म्हणतात. हा शब्द 1980च्या दशकात जपानमध्ये नोबुयुकी ताकाहाशी यांनी रूढ केला. आपल्याकडे 2011पासून कॉमिक कॉन भरू लागले आणि फोमचं चिलखत, रंगीत विग घालून मिरवणं अंगवळणी पडलं. अशा मंडळींना समोर बसवून वास्तववादी तैलचित्र काढायचं म्हटलं की चर्चा एका प्रश्नावर अडते: हे व्यक्तिचित्र कोणाचं, पात्राचं की पात्र अंगावर चढवून बसलेल्याचं?

प्रश्न नवा वाटतो तो कपडे नवे म्हणून. राजा रविवर्म्याने बडोद्यासाठी पौराणिक चित्रं केली तेव्हा त्याच्यासमोर दमयंती नव्हती. साडी, दागिने घालून उभी राहिलेली एक बाई होती. चित्राखाली नाव देवीचं किंवा राणीचं आलं, बाईचं नाव बहुधा गळून पडलं. एका शतकानंतर पुष्पमाला एन. या कलाकर्तीने रविवर्म्याच्या चित्रांतली पात्रं स्वतःच्या अंगावर चढवून छायाचित्रं काढून घेतली. गळून पडलेलं नाव तिने असं परत लावलं. पण ते कॅमेऱ्याने, तेलरंगाने नव्हे.

मराठी तैलचित्रात हा पेच सर्वांत स्पष्ट दिसतो तो पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात. रंगमंदिर 26 जून 1968 रोजी उघडलं. तिथे गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली, स्त्रीभूमिका करणारे नट बालगंधर्व म्हणजेच नारायणराव राजहंस यांची दोन तैलचित्रं आहेत: एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीवेशातलं. देऊसकरांचा हात जे. जे. कलाशाळेच्या शिस्तीतला, कापडाची झळाळी, दागिन्यांचं वजन, मानेचा कल, कशातही उणं नाही. तरी त्या चित्रांपुढे उभं राहिलं की वाटतं, चित्रकाराने प्रश्न सोडवला नाही, दोन चौकटींत वाटून टाकला. अलीकडे पुरुष, पलीकडे स्त्री. आणि ज्यासाठी महाराष्ट्र वेडा झाला ते तर मधल्या भिंतीवर होतं! त्यांची नाटकातली भामिनी किंवा सिंधू पाहताना प्रेक्षक आतला पुरुष पूर्ण विसरत होता असं नाही, आणि तो त्याला सतत आठवत होता असंही नाही. उलट घरंदाज बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसू लागल्या. मग सोंग कोणी कोणाचं घेतलं?

एक बारकी गोष्ट. नट तोंडाला सफेदा फासायचे तो जस्ताचा. चित्रकाराच्या पॅलेटवरचा झिंक व्हाइटही तोच. म्हणजे रंगलेला चेहरा रंगवताना चित्रकार रंगाचंच चित्र काढत असतो. सफेद्याने कातडीच्या मधल्या छटा मरतात, गालावरचं रक्त झाकलं जातं. उरतात ते डोळे, कानाची पाळी आणि घामाने रंग फुटलेली गळ्याजवळची रेघ. वास्तववाद्याची खरी परीक्षा त्या रेघेवर. आमचे बरेच चित्रकार ती रेघ सफाईने बुजवतात.

1947नंतर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या रेट्यात व्यक्तिचित्रण मागे पडलं, पण मेलं नाही. वासुदेव कामत यांनी 2006 साली पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी पोर्ट्रेट सोसायटी ऑफ अमेरिकेचा ड्रेपर ग्रँड पुरस्कार मिळवला. हातांची उणीव आज नाहीच. प्रात्यक्षिकाला बसून दोन तासांत हुबेहूब चेहरा उभा करणारी तरुण मुलं मी पाहिली आहेत. तक्रार निराळी आहे. मॉडेल म्हणून फेटेवाला म्हातारा, गोंधळी, वासुदेव बसवतात, कारण मोरपिसांची टोपी रंगवायला झकास. चित्राला नावही ‘वासुदेव’ असंच. बहुरूप्याचीही तीच गत. बहुरूपी सरकारी यादीत भटकी जमात आहे. पोशाख हा त्याचा धंदा. त्याला पोशाखाचंच नाव देणं म्हणजे शिंप्याचं चित्र काढून खाली ‘सदरा’ लिहिणं.

नावाचा घोळ आमच्या, म्हणजे राजूरच्या भोकरदन तालुक्याला जुनाच. भोकरदनला 1973च्या उत्खननात निघालेली हस्तिदंती स्त्री थेट पाँपेईत सापडलेल्या मूर्तीची बहीण शोभते. पाँपेईच्या त्या मूर्तीला आधी लक्ष्मी म्हटलं गेलं, मग अभ्यासक यक्षी म्हणू लागले. अंगावर दागिन्यांखेरीज फारसं काही नाही, तरी नाव मात्र बदलत राहिलं.

मागच्या चतुर्थीला हवालदार चहाच्या टपरीवर बाकड्यावर टेकला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पट्टा एक भोक सैल केला. टोपीच्या कडेने कपाळावर लाल वळ उठला होता. वळाच्या वर फिकट, खाली उन्हाने करपलेलं. शिट्टी अजून गळ्यात होती. अर्ध्या कपात वळ निम्मा विरला. मग त्याने टोपी पुन्हा चढवली आणि चहाचे पैसे मागणाऱ्या पोराकडे डोळे वटारून बघितलं.