एक्सएमएल माहितीचे स्प्रेडशीटमधील वाचन : वनहक्क दाव्याच्या नोंदीच्या आधारे एक चिकित्सा

प्रस्तावना

चामोर्शीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी अर्थशास्त्र, भूगोल वा राज्यशास्त्राचा अभ्यासक दुय्यम माहिती बहुधा स्प्रेडशीटमध्येच वाचतो. बेरीज, टक्केवारी, आलेख ही कामे त्यात सहज होतात व त्यासाठी प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नसते. मात्र आज बरीच माहिती एक्सएमएल या रचनाबद्ध स्वरूपात साठविली जाते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९८ मध्ये या स्वरूपाला मान्यता दिली. एक्सेलच्या २००३ च्या आवृत्तीपासून अशी फाईल थेट तक्त्याच्या रूपात उघडता येते. ही सोय उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु तक्ता झालेली माहिती मूळ माहितीच असते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

झाड आणि तक्ता

एक्सएमएलची रचना झाडासारखी असते. एका नोंदीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी. तक्त्याला मात्र ओळी व रकाने एवढेच ठाऊक असतात. गडचिरोली जिल्ह्याला जवळचे उदाहरण म्हणजे वनहक्क कायदा, २००६ खालील वैयक्तिक दावा. त्याच्या विहित नमुन्यात दावेदार, पती वा पत्नी, कुटुंबातील इतर व्यक्ती, वस्तीची व कसण्याची जमीन, पुरावे अशा अनेक बाबी एकाच दाव्याखाली येतात. म्हणजे ही नोंद स्वभावतःच झाडासारखी आहे.

स्पष्टीकरणासाठी एक काल्पनिक दावा घेऊ. पती-पत्नी असे दोन हक्कधारक, ०.८०, ०.६० व ०.४० हेक्टरांचे तीन तुकडे. एकूण क्षेत्र १.८० हेक्टर. ही फाईल तक्ता म्हणून उघडली व तुकड्यांप्रमाणे ओळी पडल्या की वरच्या पातळीवरील 'एकूण क्षेत्र' प्रत्येक ओळीत पुन्हा येते. त्या रकान्याची बेरीज ५.४० हेक्टर भरते. कायद्याच्या कलम ४(६) नुसार कमाल मर्यादा ४ हेक्टर आहे. म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी जमीन असलेले कुटुंब तक्त्यात मर्यादा ओलांडणारे ठरते!

एक्सेलच्या नंतरच्या आवृत्त्यांतील पॉवर क्वेरीमध्ये पोटनोंदी बंद ठेवता येतात व हव्या तेव्हा उलगडता येतात. हे निश्चितच सुधारलेले रूप होय. पण हक्कधारक व तुकडे या दोन्ही याद्या एकापाठोपाठ उलगडल्या तर प्रत्येक हक्कधारकाची प्रत्येक तुकड्याशी जोडी लागते आणि सहा ओळी तयार होतात. मग तुकड्यांच्या क्षेत्राचीच बेरीज ३.६० हेक्टर होते. संगणकाने येथे गणिती चूक केलेली नसते. ओळीचा अर्थ बदललेला असतो.

दुरुस्तीतून होणारी हानी

ही पुनरावृत्ती लक्षात आल्यावर अभ्यासक सामान्यतः दावा क्रमांक सारखा असलेल्या ओळींपैकी पहिली ठेवून बाकीच्या काढून टाकतो. बेरीज सुधारते, परंतु दुसऱ्या हक्कधारकाचे नाव जाते. विवाहित व्यक्तींच्या बाबतीत हक्क पती-पत्नी दोघांच्या संयुक्त नावे नोंदवावा, असे कलम ४(४) सांगते. पतीचे नाव आधी लिहिलेले असेल तर वगळली जाते ती पत्नी. अशा तक्त्यावरून 'स्त्रियांच्या नावे वनहक्क आढळत नाहीत' असा निष्कर्ष काढला गेल्यास तो समाजाविषयीचा नसून तक्त्याविषयीचा असेल.

सामूहिक हक्काची अडचण वेगळी आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथे हक्कधारक ग्रामसभा आहे. वैयक्तिक दाव्यांच्या तक्त्यात ही नोंद बसविली तर तीही एकच ओळ. एका कुटुंबाच्या दाव्याइतकीच. केवळ ओळी मोजून 'मंजूर दाव्यांचे प्रमाण' काढणाऱ्यास हा फरक दिसणारच नाही.

लहान वाटणारी आणखी एक बाब सांकेतिक क्रमांकांची. २००१ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याचा क्रमांक ०१ होता. फाईलसोबत स्कीमा नसेल तर एक्सेल माहितीवरूनच प्रकार ठरविते. ०१ हा आकडा समजला गेल्यास तो १ होतो आणि दुसऱ्या तक्त्याशी जुळत नाही.

मर्यादा कोणाची?

सर्व दोष स्प्रेडशीटवर ढकलणे न्याय्य होणार नाही. ज्या तक्त्यात वरच्या पातळीची माहिती अशी पुन्हापुन्हा आली आहे, तो एक्सेल मूळ एक्सएमएल रचनेत निर्यात करू देत नाही. या नकारातच एक कबुली आहे : सपाट केलेल्या माहितीतून मूळ झाड पुन्हा उभे करता येत नाही. दुसरीकडे, एक्सएमएल म्हणजेच सत्य असेही नव्हे. स्कीमा करणाऱ्याने हक्कधारकासाठी एकच जागा ठेवली असेल तर पत्नीचे नाव तक्त्यापर्यंत पोहोचण्याआधीच गळालेले असते. कोणाला नोंदीत स्थान द्यावे हा निर्णय तांत्रिक भासला तरी तो मुळात सामाजिक निर्णय असतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की स्प्रेडशीट हे रचनाबद्ध माहितीचे एक दर्शन आहे; ते मूळ दस्तऐवजाची जागा घेऊ शकत नाही. म्हणून मूळ फाईल जशीच्या तशी जपावी. दावे, हक्कधारक व तुकडे यांची स्वतंत्र पत्रके करून ती दावा क्रमांकाने जोडावीत. सांकेतिक क्रमांक मजकूर म्हणूनच ठेवावेत. शोधनिबंधातील प्रत्येक तक्त्याखाली 'एक ओळ म्हणजे काय' हे लिहावे, व परीक्षकांनीही तो प्रश्न आवर्जून विचारावा. ज्या जिल्ह्यात जमिनीचा एक तुकडा व कागदावरचे एक नाव मिळविण्यासाठी माणसांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली, तेथे ते नाव संशोधकाच्या तक्त्यातून नकळत गळून पडणे ही किरकोळ चूक मानता येणार नाही.