यंत्र, हात आणि वाक्याचा कर्ता

फ्रान्झ काफ्का १९०८ ते १९२२ या काळात प्रागमधील कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीस होता, ही गोष्ट बहुधा त्याच्या कोंडमाऱ्याचा पुरावा म्हणून सांगितली जाते. कचेरी ही लेखनाची वैरीण, या समजाला त्याच्या पत्रांत आणि रोजनिशीत भरपूर आधार सापडतो. पण त्यामुळे कचेरीत त्याने जे लिहिले ते संहिता म्हणून वाचण्याचे कष्ट टळले.

संस्थेच्या १९०९ च्या वार्षिक अहवालात लाकूड रंधण्याच्या यंत्रांवर त्याचे एक टिपण आहे. जुन्या यंत्रांचा शाफ्ट चौकोनी असे. पात्याची धार आणि मेजाचा पृष्ठभाग यांत रुंद फट राही. लाकडात गाठ आली, फळी हातातून निसटली, की तिच्यावर दाब देणारा हात त्या फटीत जाई आणि बोटांची पेरी तुटत. गोल शाफ्टमध्ये पाती आत बंदिस्त असतात, फट अरुंद राहते. बोट सापडलेच तर जखमेवर निभावते. सोबत दोन्ही शाफ्टच्या आकृत्या आहेत, आणि छाटलेल्या बोटांच्या हातांची चित्रेही.

टिपणाचे खरे सामर्थ्य त्याच्या वाक्यरचनेत आहे. ‘हात यंत्रात गेला’ असे मराठीत सहज म्हटले जाते. या वाक्यात हात आपणहून चालत गेलेला असतो. मालक कोठेच नसतो आणि यंत्र केवळ अधिकरणापुरते उरते. निष्काळजीपणाचा आरोप अशाच वाक्यावर उभा राहतो. अत्यंत सावध कामगाराचाही हात या फटीत जाईल, असे काफ्का दाखवून देतो, तेव्हा अपघाताचे कर्तेपद हाताकडून शाफ्टच्या आकाराकडे जाते. म्हणजेच तो शाफ्ट न बदलणाऱ्याकडे.

मात्र हे साधण्यासाठी तो मालकाचीच भाषा वापरतो: नवा शाफ्ट किफायतशीर आहे, हे पटवणे त्याला भाग पडते. कामगार टिपणात बोलत नाही. चित्रांतल्या हातांना चेहरे नाहीत. भारतातील १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या सुधारित परिशिष्टातही अंगठा गेल्यास कमाईच्या क्षमतेची हानी ३० टक्के, तर्जनी गेल्यास १४ टक्के धरली होती. भरपाई मिळायची तर हात माणसापासून वेगळा मोजावा लागतो. कायद्याला दुसरा मार्ग क्वचितच सुचला आहे.

१९१४ मध्ये लिहिलेल्या ‘दंडवसाहतीत’ या कथेकडे वळताना हे टिपण तिचा ‘उगम’ मानण्याचा मोह टाळलेला बरा. कथेतील अधिकारी देहदंडाच्या यंत्राचे सुटे भाग त्याच चिकाटीने समजावून सांगतो. पट्टा तुटला तर नवा मिळायला दहा दिवस लागतात, ही त्याची तक्रार तर कोणत्याही कारखान्यात शोभावी. मात्र टिपणातले वर्णन हाताला वाचवण्यासाठी आहे, तर येथे वर्णनाच्या ओघात यंत्राखालचा माणूसच नजरेआड होतो; त्याला आपली शिक्षादेखील ठाऊक नसते. जी शैली कचेरीत न्यायाचे साधन होती तिचीच ही कठोर उलटतपासणी आहे. यंत्राला स्वाधीन झालेला अधिकारी मरतो आणि यंत्रही मोडून पडते. सुटका झालेला कैदी सैनिकासह किनाऱ्याकडे धावतो. होडीतला प्रवासी जाड दोरखंड उगारून दोघांनाही दूर ठेवतो.