बुद्धी आधी की हक्क आधी? फुले व आगरकर यांच्या विचारांतील एक भेद

जोतीराव फुले व गोपाळ गणेश आगरकर यांची नावे महाराष्ट्रातील प्रबोधनाच्या विवेचनात बहुधा जोडीने येतात, आणि दोघांवरील पाश्चात्त्य ऋणाचा उल्लेख करून विवेचक पुढे जातो. परंतु हे ऋण एकाच सावकाराचे नव्हे. फुल्यांनी टॉमस पेन वाचला. आगरकरांनी मिल्ल व स्पेन्सर. या निवडीतच दोघांच्या विचारांतील एका महत्त्वाच्या भेदाचे मूळ आहे, असे आम्हांस वाटते.

मानवी हक्कांवरील आपल्या ग्रंथात (१७९१-९२) पेन हक्कांचा उगम थेट मनुष्याच्या निर्मितीत शोधतो. जो जन्मास आला, तो हक्क घेऊनच आला. त्याला पात्रता सिद्ध करावी लागत नाही. मिल्लची भूमिका निराळी आहे. स्वातंत्र्यावरील निबंधात (१८५९) तो अमूर्त हक्काच्या कल्पनेचा आधार घेत नाही. उपयुक्ततेलाच अखेरचा निकष मानतो आणि 'मागासलेल्या' समाजांना आपले तत्त्व लागू नाही, असे म्हणतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरीत पस्तीस वर्षे काढलेल्या तत्त्वज्ञाच्या या अपवादात हिंदुस्थान येत होता, हे विसरता येत नाही.

फुल्यांना हा अपवाद मान्य होणे शक्यच नव्हते. त्यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त (१८९१) निर्मिकाने स्त्रीपुरुषांस जन्मतः स्वतंत्र केले आहे. किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही हंटर आयोगापुढील त्यांची मागणी (१८८२) याच भूमिकेशी सुसंगत आहे.

आगरकर अज्ञेयवादी, निर्मिकाचा आधार त्यांना घेता येत नव्हता. 'सुधारका'तून (१८८८) त्यांनी प्रत्येक रूढीला बुद्धीच्या न्यायासनापुढे उभे केले, ही त्यांची थोरवी निर्विवाद आहे. प्रश्न उरतो तो न्यायाधीशाचा. शिक्षण मूठभरांच्या हाती असता बुद्धीचा निवाडा म्हणजे व्यवहारात त्या मूठभरांचाच निवाडा ठरण्याचा धोका असतो. मुलामुलींस एकच शिक्षण द्यावे व तेही एकत्र द्यावे, असा आगरकरांचा आग्रह होता. न्यायासनावर बसण्याचा मार्ग सर्वांस मोकळा करणारा हा आग्रह त्या धोक्यावरील उताराच होय. फुल्यांची बाजूही सर्वस्वी निर्वेध नाही: निर्मिक न मानणाऱ्याने हक्क कशावर उभारावा, याचे उत्तर तेथे सहज मिळत नाही.

या कोंडीतून वाट दाखविणारा ग्रंथ विदर्भातूनच आला आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' (१८८२) लिहिताना कोणाच्या अनुज्ञेची वाट पाहिली नाही. स्त्रीला लावलेला मापदंड त्यांनी पुरुषाला लावला. तर्क करणे हाच तेथे हक्काचा उपभोग आहे. हक्काविना बुद्धी पालकत्वाकडे झुकते. बुद्धीविना हक्क श्रद्धेचा विषय बनतो. म्हणून या दोहोंत आधी कोण, हा प्रश्न सोडून त्यांचे परस्परावलंबन तपासणे, हेच मराठी विचारेतिहासाच्या अभ्यासकाचे खरे कार्य होय.