फाइल फोडली, पुढे काय?

सायबरपंक धाटणीच्या टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांत फाइलपर्यंत पोचण्याचे नियम पानोपानी सापडतात. ती हाती आल्यावर तिच्यावर हक्क कुणाचा, याविषयी मात्र हे खेळ अजून फार कमी बोलतात.

याला कारण आहे. 'सायबरपंक २०२०'मध्ये (१९९०) नेटरनर, म्हणजे हॅकरचं पात्र, एकटाच डेटा-किल्ल्यात शिरायचा, भिंती आणि कोडची दारं फोडत राहायचा आणि बाकीचे खेळाडू ताटकळत बसायचे. पुढच्या डिझायनरांची बरीच शक्ती ही कोंडी फोडण्यातच गेली. २०२०च्या 'सायबरपंक रेड'ने ती खरोखर फोडली. आता नेटची रचना मजल्यामजल्यांची असते आणि नेटरनरला ॲक्सेस पॉइंटपासून सहा मीटरच्या आत, म्हणजे साथीदारांसोबत गोळीबारातच राहावं लागतं. खेळाला वेग आला, पण फाइल उरली एका मजल्यापुरती. पासवर्ड उघडायचा, मग 'आय-डी' क्षमतेचा फासा टाकून आतला माल ओळखायचा, की झालं.

'शॅडोरन'च्या पाचव्या आवृत्तीने (२०१३) या हक्काचा खोलवर विचार केला होता. तिथे हॅकर लक्ष्यावर 'मार्क' उमटवतो. जास्त मार्क म्हणजे जास्त अधिकार. बेकायदा कृतींचा हिशेब गुपचूप साठत जातो आणि तो चाळीसवर गेला की यंत्रणा हॅकरवर तुटून पडते, त्याचा खरा ठावठिकाणाही कळवते. फाइल कुलूपबंद असू शकते, तिच्यात डेटा-बॉम्ब दडलेला असू शकतो. हे सगळं मला मनापासून आवडतं. म्हणूनच त्यातली एक उणीव जास्त खुपते. फाइलची प्रत काढणं, तिच्यात बदल करणं आणि ती पुसून टाकणं हे सगळं एकाच कृतीत बसवलंय, आणि त्यासाठी लागतो एकच मार्क. प्रत्यक्षात असं नसतं: सातबारा कुणीही पाहू शकतो, पण फेरफार मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्याशिवाय नोंद बदलत नाही. युनिक्समध्येही वाचण्याची आणि लिहिण्याची परवानगी वेगवेगळी असते. कथेचं नाट्य याच फटीत असतं. शत्रूचा अहवाल वाचणारा हॅकर आणि त्यातलं एक नाव बदलणारा हॅकर एकच धोका पत्करत नाहीत.

हा भेद कागदावरचा नाही. १ मार्च १९९० रोजी अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने ऑस्टिनमधल्या स्टीव्ह जॅक्सन गेम्स या खेळ-प्रकाशक कंपनीवर छापा घालून संगणक जप्त केले. 'गर्प्स सायबरपंक' या खेळाचं हस्तलिखितही त्यांतच होतं. कंपनीला स्वतःच्याच फाइली उघडता येईनात. पुढे १९९३च्या निकालात न्यायालयाने मान्य केलं, की जप्त केलेली खाजगी पत्रं वाचली गेली होती आणि काही पुसलीही गेली होती. एका खेळ-प्रकाशकाने हे सोसलेलं असताना या खेळांच्या नियमांत वाचणं आणि पुसणं यांत फरक नसावा, हे मला पटत नाही.

'शॅडोरन'च्या सहाव्या आवृत्तीने (२०१९) मार्कांची मोजदाद काढून परका, वापरकर्ता आणि प्रशासक अशा पायऱ्या आणल्या. हिशेब हलका झाला, दिशाही बरोबर आहे. या बाबतीत मी 'एक्लिप्स फेज'ला (२००९) वरचं स्थान देईन. तिथे वापरकर्ता आणि प्रशासक यांच्यामध्ये सुरक्षेचा स्वतंत्र स्तर आहे. म्हणून आत शिरण्याआधीच खेळाडूला ठरवावं लागतं, की कुणाच्या नावाने शिरायचं आणि त्या नावाला कोणती फाइल उघडता येते.