परत न येणाऱ्यांचे वाङ्मय

परदेशगमनाविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे त्याचा मोठा भाग प्रवासवर्णनांचा आहे, आणि प्रवासवर्णन हे स्वभावतःच परत येणाऱ्याचे वाङ्मय होय. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेची लोकस्थिती 1889 साली मराठी वाचकांपुढे मांडली ती स्वदेशी परतल्यावर. ‘अपूर्वाई’चे लेखक पु. ल. देशपांडे हेही घरी परतणारेच. परत येणाऱ्यास सरकारी कागद ही घटकाभराची कटकट वाटते. तीवर एखादा विनोद करून तो पुढे जातो. जो राहावयास गेला त्यास हा विनोद सुचत नाही. त्याच्या नव्या आयुष्याचे पहिले पान कचेरीने आधीच छापून ठेवलेले असते. त्याने केवळ रिकाम्या जागा भरावयाच्या. या पानाकडे आमच्या टीकाकारांनी वाङ्मय म्हणून फारसे पाहिलेले नाही, ही आमची तक्रार आहे.

तसे पाहावयास समुद्र ओलांडण्याचेही कारण नाही. आमचा परभणी जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात मोडत होता. पुण्याचा किंवा वऱ्हाडचा मनुष्य येथे वस्तीस आला म्हणजे घराघरांतून मराठीच ऐकू येई. परंतु कचेरीत उर्दू, व्यवहारात हाली सिक्का आणि दप्तरात फसली साल. अशा मनुष्यास संस्थानची नोकरी हवी असल्यास ‘मुलकी’ ठरावे लागे. 1919 च्या फर्मानाने चालू झालेल्या नियमांप्रमाणे बाहेरून आलेल्याने 15 वर्षे संस्थानात कायम वास्तव्य केलेले असावे, आणि पूर्वीच्या ठिकाणी परतण्याचा विचार आपण सोडून दिला आहे असे प्रतिज्ञापत्र ठराविक नमुन्यात, मॅजिस्ट्रेटच्या सहीनिशी, द्यावे, अशी अट होती. स्थानिकांच्या पोटावर परक्यांनी पाय देऊ नये हा नियमाचा हेतू होता, व तो अन्याय्य होता असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु टीकाकाराने हेतूबरोबर शब्दही तपासले पाहिजेत. या नमुन्यात दोन अगदी भिन्न जातींची विधाने एकाच सहीखाली आणली आहेत. पंधरा वर्षांचे वास्तव्य मोजता येते. भाड्याच्या पावत्या, शाळेचे दाखले, शेजाऱ्यांची साक्ष त्यास पुरते. परतण्याचा विचार मात्र कोणत्या मापाने मोजावा? सणावारी, आजारपणात, आईचे पत्र आल्यावर तो विचार पुनः उठतो. मॅजिस्ट्रेट सहीची साक्ष देऊ शकतो, मनाची देऊ शकत नाही. म्हणून या अर्जाचा दोष रुक्षपणा हा नव्हे. जे सिद्ध होऊ शकत नाही ते तो वदवून घेतो, आणि प्रामाणिक मनुष्यासही, आपण खोटे तर लिहीत नाही ना, या शंकेत टाकतो.

याच्या शेजारी आजचा एक जर्मन कागद ठेवून पाहावा. आमचा एक जुना विद्यार्थी तिकडे नोकरीस गेला. त्याने पाठविलेला नमुना आम्ही कुतूहलाने वाचला. नव्या घरी राहावयास आल्यापासून दोन आठवड्यांत तेथील नोंदणी कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो, व घर देणाऱ्याचा तसा दाखला जोडावा लागतो. या कागदात गोडवा नाही, परंतु सभ्यता आहे. तुम्ही कोठे राहता एवढेच तो विचारतो. कोठे परतू इच्छिता याची चौकशी करीत नाही. जेवढे पडताळता येते तेवढेच विचारावे, हा गद्याचा उत्तम गुण त्यात उतरला आहे.

मात्र यावरून परक्यांस शहाणे व आपणांस अडाणी ठरविण्याचा मोह आवरावा, आणि संस्थानासही एकट्याला दोष देऊ नये. जर्मनीने जून 2024 पासून दुसरे नागरिकत्व राखण्याची मुभा दिली. भारताच्या कायद्यात ती नाही. परक्या देशाचे नागरिकत्व स्वखुशीने घेतले की येथील नागरिकत्व संपते व पासपोर्ट परत करावा लागतो. पुढे ‘ओसीआय’ कार्ड मिळते. परंतु त्यावर मत देता येत नाही, शेतजमीन विकतही घेता येत नाही. वारशाने आलेली जमीन मात्र ठेवता येते. गोदाकाठच्या शेतकऱ्याच्या मुलास या तीन वाक्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बापाच्या पश्चात सातबाऱ्यावर त्याचे नाव चढते, पण शेजारचे एक एकर रान त्यास घेता येत नाही. त्याने गाव सोडले असेल. गावाची जमीन त्यास अर्धीच सोडते.

ही कादंबरीची सामग्री नव्हे तर काय? बी. रघुनाथांसारखा कवी व कादंबरीकार याच परभणीत सरकारी कचेरीत कारकुनी करीत 1953 साली गेला. कागदाच्या एका बाजूस बसलेल्या प्रतिभावंताचे उदाहरण आम्हांपुढे आहे. खिडकीच्या दुसऱ्या बाजूस उभा असलेला, हातात लेखणी धरून एका वाक्यापाशी अडखळलेला मनुष्य आमच्या वाङ्मयात अजून पुरता यावयाचा आहे. तो आला म्हणजे त्याने कचेरीची थट्टा करावी अथवा तिला शिव्या द्याव्यात अशी आमची अपेक्षा नाही. सही करतेवेळी त्याच्या मनात कोणते गाव होते, एवढेच त्याने खरे सांगावे. नमुन्यात त्यासाठी रकाना नाही. वाङ्मयात तो असावयास हवा.